नावापुरते डायरेक्टर

“डायरेक्टर कोण आहेत?” त्या बाईंनी विचारलं.

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. अनोळखी माणसं एकदम ऑफिसात येऊन उभी राहिली म्हटल्यावर आधी चहा आणि मग काम, अशी आमच्या कोल्हापूरकडची रीत. मी म्हणाले, “आण्णा बाहेर गेलेत. बसा तुम्ही, येतीलच.”

“आण्णा म्हणजे?”

“विश्वासराव खराडे. आमचे मालक.”

बाईंनी हातातला कागद पाहिला. “खराडे हे नाव इथं कुठंच नाही. शालन सुभाष मगदूम कोण?”

मी ट्रे टेबलावर ठेवला. “मी.”

“आणि इलाही बाबालाल नदाफ?”

मी खिडकीतून बोट दाखवलं. बाहेर यार्डात इलाहीमामा क्रेनच्या पोटाखाली उताणे झोपून ग्रीस भरत होते. त्यांचे नुसते पाय दिसत होते.

“ते पाय?”

“हो.”

बाईंच्या बरोबरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. बाई मात्र हसल्या नाहीत. “त्यांना आत बोलवा,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्हीही बसा. चहा राहू दे. आम्ही जीएसटी खात्यातून आलोय. त्रिशिखर लिफ्टर्स प्रायव्हेट लिमिटेडचे डायरेक्टर तुम्ही दोघंच आहात.”

मी बसले. त्या ऑफिसात पाहुण्यांच्या खुर्चीत मी पहिल्यांदाच बसत होते.

शिरोली एमआयडीसीत आण्णांचा क्रेन भाड्यानं द्यायचा धंदा होता. चार हायड्रा, म्हणजे कारखान्यात मशीन उचलून इकडून तिकडं नेणाऱ्या बुटक्या क्रेन, आणि एक मोठी, ट्रकवर बसवलेली. कुठल्या फाउंड्रीत भट्टी हलवायची असली, कुठं कंटेनरमधून नवं मशीन उतरवायचं असलं, की फोन आमच्याकडं. तो फोन मी घ्यायची. कुठली क्रेन कुठं पाठवायची ते बघायचं, बिलं टाइप करायची, पगार वाटायचे, हे माझं काम. इलाहीमामा सगळ्यांत जुने ऑपरेटर. मोठ्या क्रेनला त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नसे.

डायरेक्टर आम्ही कसे झालो, ती गोष्ट छोटी आहे. जीएसटी येणार येणार म्हणून सगळीकडं गाजत होतं, त्या वर्षी आण्णांच्या जुन्या फर्मचं बँकेचं कर्ज थकलं होतं. नव्या क्रेन त्या नावावर घेतल्या असत्या तर बँकेनं ओढून नेल्या असत्या. एका दुपारी त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांचे सीए बाहुबली शेटे तिथं बसले होते. शेटेसाहेबांनी समजावून सांगितलं ते मला चांगलं आठवतं.

“कंपनी म्हणजे कायद्याच्या नजरेत एक वेगळा माणूस,” ते म्हणाले. “तीच खरेदी करते, तीच कर्ज काढते आणि बुडाली तर तीच बुडते. शेअरमध्ये घातलेले पैसे जातील, बास. शेअर घेणाऱ्याच्या घरादाराला हात लागत नाही. म्हणून तर तिला लिमिटेड म्हणायचं.”

“मग त्यात आमचं काय काम?” मामांनी विचारलं.

“नावाला रे,” आण्णा हसले. “दोन माणसं लागतात. माझ्या घरच्यांची नावं घातली तर बँक वास काढत येती. तुम्ही काय परके आहात होय?”

शेअरसुद्धा आमच्या दोघांच्याच नावावर झाले, अर्धे अर्धे. पैसे आण्णांनी भरले. आम्ही फोटो दिले, सह्या केल्या, पेढे खाल्ले. पगारात पाचशे रुपये वाढले. घरी गेल्यावर मी सांगितलं, तर आमच्या ह्यांनी उठून मला नमस्कार केला आणि “या मॅडम” म्हणाले. खूप हसलो त्या दिवशी. खोटं कशाला बोलू, मला मनातून बरंही वाटलं होतं.

चेकबुक आण्णांच्या ड्रॉवरमध्ये असायचं. संपत आलं की नवं पुढं यायचं आणि मी सगळ्या चेकवर एकदम सह्या करून ठेवायची. बाकी माझं काम होतं तेच राहिलं.

आणि आता ह्या बाई सांगत होत्या की कंपनी सुरू झाल्यापासून आम्ही गिऱ्हाइकांकडून बिलावर जीएसटी घेत होतो, पण त्यातला सरकारात जवळजवळ काहीच पोचला नव्हता. बिलं मीच टाइप केलेली होती. खाली ‘कर’ म्हणून जी वेगळी ओळ असायची, तो पैसा आण्णा आणि शेटेसाहेब पुढं भरत असतील असं मी धरून चालले होते.

“कामगारांच्या पगारातून व्यवसाय करही कापलाय,” बाई म्हणाल्या. “दर महिन्याला. तोही जमा नाही.”

मामा दाराशी उभे होते. हाताला ग्रीस होतं म्हणून त्यांनी दोन्ही हात अंगापासून लांब धरले होते.

मी बाईंना सगळं खरं सांगितलं. नावाला आहोत, पगारावर आहोत, धंदा आण्णांचा. त्यांनी शांतपणे लिहून घेतलं.

“हे सगळं सोमवारी आमच्या कार्यालयात येऊन जबाबात सांगा,” त्या म्हणाल्या. “खराड्यांनाही आम्ही बोलावू. पण कागदावर आज तुम्हीच आहात.”

“कंपनी लिमिटेड आहे ना?” मी विचारलं. “आमच्या घरादाराला हात लागत नाही म्हणाले होते.”

“कर्जाचं बहुतेक वेळा तसं असतं. कराचं नाही. खाजगी कंपनीनं कर बुडवला आणि कंपनीकडून वसूल होईना, तर आम्हाला डायरेक्टरच्या दारात यावं लागतं. आपला हलगर्जीपणा नव्हता हे त्यानं सिद्ध करायचं असतं.” मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, “कंपनीकडं विकण्यासारखं काही आहे का?”

मी खिडकीबाहेर पाहिलं. “क्रेन आहेत.”

“मग त्या आहेत तिथंच असू द्यात,” बाई म्हणाल्या आणि उठल्या.

संध्याकाळी आण्णांनी आम्हाला बंगल्यावर बोलावलं. आत गेल्या गेल्या त्यांनी आम्हाला सोफ्यावर बसवलं. काकींनी पोहे आणून दिले. शेटेसाहेब कोपऱ्यात फाइल मांडीवर घेऊन बसले होते.

“घाबरलीस काय गं?” आण्णा मला म्हणाले. “असले छापे लई बघितलेत मी. चार दिवस नाचतात आणि जातात. आता तुम्ही दोघांनी फक्त एवढ्यावर सह्या करा. बाकीचं मी बघतो.”

शेटेसाहेबांनी कागद पुढं सरकवले. मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, हात पायजम्याला पुसला आणि पेन घेतलं. आण्णा सही म्हणाले की मामा सही करणार, हे ठरलेलं होतं. त्याला कारणही होतं. त्यांच्या थोरल्या पोराचं ऑपरेशन झालं तेव्हा पैसे आण्णांनी भरले होते. नुसते भरले नव्हते, दवाखान्याच्या बाकावर रात्रभर मामांच्या शेजारी बसले होते. आण्णा तसे होते. मनात आलं तर जीव टाकायचे.

“मामा, थांबा,” मी म्हणाले. “शेटेसाहेब, ह्यात काय आहे?”

“क्रेन विकतोय आपण,” शेटे माझ्याकडं न बघता म्हणाले. “जयदीपरावांच्या फर्मला.” जयदीपराव म्हणजे आण्णांचे जावई. “आणि दुसरा कागद म्हणजे, कंपनीचा रोजचा कारभार तुम्ही दोघं बघत होता, एवढंच.”

“आम्ही?”

“कागदावर, गं,” आण्णा म्हणाले.

“म्हणजे क्रेन जावयांच्या, आणि टॅक्स आमचा?”

काकी पाण्याचे ग्लास घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या.

“कंपनीचा,” आण्णा सावकाश म्हणाले. “तुमचा कशाला? कंपनी रिकामी झाली की सरकार काय घेणार? बसतील बोंबलत.”

“त्या बाई म्हणाल्या, कंपनी रिकामी झाली की डायरेक्टरच्या दारात येतात.”

“त्या बाईंवर विश्वास आहे, माझ्यावर नाही?”

मी शेटेसाहेबांकडं पाहिलं. “साहेब, तुम्ही सांगा. त्या बाई खोटं बोलल्या काय?”

शेटेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “तसं कलम आहे,” ते म्हणाले. “पण लगेच काही होत नाही. वर्षं जातात.”

“मग जाऊ दे वर्षं. सही मी करत नाही.”

आण्णांचा चेहरा मी इतक्या वर्षांत कधी तसा पाहिला नव्हता. ते रागावले नव्हते. घरातली खुर्ची अचानक बोलायला लागली तर माणूस कसा बघेल, तसे ते माझ्याकडं बघत होते.

“शालन,” ते म्हणाले, “तुझी लेक बारावीला आहे ना? तिच्या पुढच्या शिक्षणाचं सगळं मी बघतो. शब्द देतो. आणि तुझा नवरा ज्या फाउंड्रीत आहे, तिचा मालक माझ्या पंगतीला बसतो. हेपण ध्यानात ठेव.”

“दोन्ही ध्यानात ठेवते,” मी म्हणाले आणि उठले. “मामा, चला.”

मामा लगेच उठले नाहीत. पेन हातातच होतं. त्यांनी एकदा आण्णांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग पेन कागदाशेजारी नीट आडवं ठेवलं आणि म्हणाले, “आण्णा, उद्या करतो. ताई तापलीया, तिला घरी सोडून येतो.”

रस्त्याला लागल्यावर मामा माझ्यावर खवळले.

“काय गरज हुती ताई? त्या माणसाचं मीठ खाल्लंय मी. माझं पोरगं आज चालतंय ते त्याच्यामुळं.”

“मामा, पोराचं ऑपरेशन त्यांनी केलं ते खरं. आता त्याच पोराच्या डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आलीय.”

“आण्णा तसं हू देणार न्हाई.”

“विचारलंत त्यांना?”

“असलं इचारत्यात व्हय मालकाला?”

तेवढ्यात बस आली. मामा नागाव फाट्यावर उतरले तेव्हा माझ्याकडं न बघताच उतरले.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. हे भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, “सही कर आणि मोकळी हो. मोठ्या माणसांच्यात आपण पडू नये.”

“सही केली तर घर जाईल.”

“नाही केलीस तर दोघांची नोकरी जाईल.”

“नोकरी दुसरी मिळते.”

“कुठं? शिरोलीत? आण्णांनी एक फोन केला तर तुला कुणी केरसुणी पण हातात देणार नाही.”

ते खरंच होतं. मला रडायला आलं, पण त्यांच्यासमोर मी रडले नाही. मला सगळ्यांत जास्त राग कशाचा आला होता, ते तेव्हा मला धड सांगताही आलं नसतं. आण्णांनी पैसे खाल्ले, ह्याचा तो नव्हता. धंद्यात असं चालतं हे तिथं राहून दिसतंच. सही मागताना त्यांना एका क्षणालाही वाटलं नव्हतं की मी नाही म्हणेन. तेच मला झोंबत होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी नेहमीच्या वेळेला यार्डात पोचले तर फाटक सताड उघडं आणि आत आण्णांची गाडी. शेटेसाहेब फाइल छातीशी धरून उभे. जावयाच्या फर्मची चार पोरं आलेली. त्यांना क्रेन हलवायच्या होत्या. कागदाचं मागाहून बघू, आधी माल आपल्या जागेत नेऊ, असा आण्णांचा विचार असणार.

मामा मोठ्या क्रेनच्या केबिनमध्ये बसले होते. इंजिन चालू होतं.

“इलाही, तू पुढं हो,” आण्णा खालून ओरडले. “ही आधी काढ, मग बाकीच्या निघतील.”

मी पळत क्रेनच्या पुढं जाऊन उभी राहिले. मला पुढचं काही सुचलं नव्हतं. एवढ्या मोठ्या धुडापुढं मी हातात डबा घेऊन उभी होते.

“बाजूला हो, शालन,” आण्णा म्हणाले.

“क्रेन कंपनीच्या आहेत. कंपनी आम्ही दोघं आहोत. माझी परवानगी नाही.”

ती पोरं हसली. आण्णा हसले नाहीत. “परवानगी?” ते म्हणाले. “तुझी? अगं, ह्यातल्या एकेका चाकाला मी पैसे मोजलेत. तू सह्या केल्यास, त्याचे पाचशे रुपये तुला दर महिन्याला दिलेत. विषय संपला.”

केबिनचं दार उघडलं. मामा एक पाय पायरीवर ठेवून अर्धे बाहेर आले. “आण्णा,” ते म्हणाले, “एक इचारू?”

“काय आता तुझं?”

“ह्यो टॅक्स भरला न्हाई, तर सरकार माझ्या घरापातुर येतंय म्हणं. खरं हाय?”

“कोण येतंय तुझ्या घरी? आणि आलं तर काय नेणार? पत्र्याच्या दोन खोल्या. त्याला घर म्हणतोस होय रे?”

आण्णांनी ते सहज म्हटलं. मामांना दुखवायचं त्यांच्या मनात नसावं, उलट धीर द्यायचा असावा. पण मी मामांच्या तोंडाकडं बघत होते. त्या दोन खोल्यांच्या विटा त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं सुट्टीच्या दिवशी स्वतः रचल्या होत्या, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. वास्तूला आण्णाही जेवायला गेले होते.

“आन् पगारातनं कापलेलं पैसं?” मामांनी विचारलं. “सरकारचं म्हणून कापत हुता. त्ये?”

“दोनशे रुपड्यांसाठी हिशेब मागतोस मला? माझ्या दारात वाढलास तू.”

मामा मान हलवून केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. इंजिनचा आवाज वाढला. आण्णा मला म्हणाले, “हो बाजूला आता.” मामांनी आतून हातानं मला खूण केली, सरक म्हणून. संपलं, असं वाटलं. मी सरकले.

क्रेन पुढं आली. फाटकाच्या तोंडाशी आली आणि रस्त्याला लागायच्या ऐवजी मामांनी चाकं पूर्ण वळवली. थोडी पुढं, थोडी मागं, परत पुढं. बघता बघता ती क्रेन फाटकाला आडवी बसली, ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत. मग तिचे चारी लोखंडी पाय बाहेर आले, जमिनीला टेकले आणि चाकं मातीवरून वर उचलली गेली. तशी उभी राहिलेली क्रेन धक्का मारून हलत नाही, ओढून हलत नाही. आतला माणूस हलवेल तेव्हाच हलते.

इंजिन बंद झालं. मामा किल्ली घेऊन खाली उतरले, सावकाश चालत आले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

“घ्या ताई,” ते म्हणाले. “आण्णा, पोराच्या औषधपाण्याचं तुमचं उपकार माझ्या मानंवर हाईत, मरंस्तोवर ऱ्हातील. सांगाल तितं फुकट राबतो. पर घर न्हाई देनार. पत्र्याचं असंना, माजं हाय त्ये.”

आण्णांचा हात वर गेला होता. मारणार होते की काय, कुणास ठाऊक. मारलं नाही. “पोलिसांना बोलावतो,” ते ओरडले. “चोर आहात तुम्ही दोघं! माझ्या क्रेन चोरताय!”

“बोलवा,” मी म्हणाले. “क्रेन कुणाच्या म्हणून सांगणार?”

आण्णांनी खरंच खिशातून फोन काढला. तेव्हा शेटेसाहेब पुढं झाले आणि त्यांनी आण्णांचा हात धरला. ते हळू बोलत होते, पण मी जवळ होते.

“आण्णा, चला इथनं. क्रेन माझ्या आहेत असं तुम्ही पोलिसांत म्हणालात, तर दुसऱ्याच्या नावावर आपली मालमत्ता ठेवल्याचं तुमच्याच तोंडून सिद्ध होतंय. बेनामी म्हणतात त्याला. सरकार क्रेन पण घेईल आणि तुम्हाला पण आत घालेल. आणि नाहीत म्हणालात तर मग ह्यांच्याच आहेत.”

“तू कुणाचा सीए आहेस रे?” आण्णा ओरडले.

“तुमचाच,” शेटेसाहेब म्हणाले. “म्हणूनच सांगतोय.”

आण्णांची गाडी यार्डाच्या आत होती आणि फाटकात क्रेन. त्यांना क्रेनच्या बाजूच्या फटीतून आडवं होऊन बाहेर पडावं लागलं. रस्त्यावर जाऊन त्यांनी रिक्षा थांबवली. मला ते बघवलं नाही. मी ऑफिसात जाऊन बसले तेव्हा मामा दाराबाहेर पायरीवर बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांना एकटं राहू दिलं.

सोमवारी आम्ही जबाब दिला. जे होतं ते सगळं सांगितलं. आण्णांना पुढं बरेच दिवस त्या कार्यालयात चकरा माराव्या लागल्या. आमचीही सुटका लगेच झाली नाही. अधिकारीबाईंना लेखी कळवून मोठी क्रेन आणि दोन हायड्रा विकल्या आणि कर भरला. मोठी क्रेन गिऱ्हाईक घेऊन गेलं त्या दिवशी मामा कामाला आले नाहीत. व्याज आणि दंड मागाहून फेडत राहिलो. जागा आण्णांची होती, ती सोडावी लागली. ह्यांची नोकरी त्याच महिन्यात गेली. लेकीचं शिक्षण एक वर्ष थांबलं, आणि ते तिनं मला कितीतरी दिवस ऐकवलं. शिरोलीत काम मिळेना. आण्णांनी सगळीकडं सांगितलं होतं की मालकाच्या क्रेन घेऊन पळालेली बाई ती हीच. मग आम्ही हातकणंगल्याच्या बाजूला एक उघडं मैदान भाड्यानं घेतलं आणि उरलेल्या दोन हायड्रांवर कारखान्यांच्या दारात जाऊन काम मागायला लागलो. फोन हे घ्यायला लागले. क्रेनवर मामा, आणि खाली उभं राहून हातानं खुणा करायला मी. ते काम मी तेव्हा शिकले. जीएसटीची तारीख आली की बाकी सगळं बाजूला ठेवते. आधी तो भरते. एक तारीख चुकवलेली नाही.

दोनेक वर्षांनी गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत जुनी भट्टी उचलून दुसऱ्या शेडमध्ये ठेवायचं काम मिळालं. मालक नवा, तरुण पोरगा. मामांनी साखळ्या बांधल्या, मी सगळ्या कड्या तपासल्या आणि लोकांना लांब केलं. तेवढ्यात दारातून आण्णा आत आले. मालकाच्या वडिलांचे ते दोस्त होते, असंच भेटायला आले असणार. त्यांनी आधी क्रेन ओळखली, मग मला. अंगानं ते बरेच उतरले होते.

“ह्यांना कुठनं बोलावलंस?” ते त्या पोराला मोठ्यानं म्हणाले. “ही क्रेन कुणाच्या पैशाची आहे, विचार की तिला.”

कामगार थांबले. तो पोरगा माझ्याकडं बघायला लागला. दोन वर्षं लोक माझ्यामागं हेच बोलत होते, आता समोर आलं होतं. बरंच वाटलं.

“आण्णांच्या पैशाची आहे,” मी त्या पोराला म्हणाले. “ते खरं बोलतायत. ही क्रेन त्यांनी घेतली आणि माझ्या नावावर ठेवली. मग सरकारचा कर बुडवला, तोही माझ्या नावावर ठेवला. क्रेन तेवढी परत मागत होते. ती वाटणी मी मान्य केली नाही. एवढंच झालं.”

पोरानं आण्णांकडं पाहिलं. आण्णा तसेच पुढं चालत आले, माझ्याकडं, हात उगारल्यासारखा करून. मागून मामांनी इंजिन वाढवलं. भट्टीनं जमीन सोडली आणि साखळ्या ताणल्या गेल्या.

मी एक हात वर करून मामांना थांबवलं.

“आण्णा, मागं व्हा,” मी म्हणाले. “वर वजन आहे.”

ते थांबले. त्यांनी मान वर करून बघितलं आणि मागं झाले.

मी मामांना खूण केली.